‘सेवापुस्तक ऑफिस बघून घेतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या गटांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : सेवापुस्तक, म्हणजे आपल्या नोकरीतल्या नेमणुका, वेतन, बदल्या, रजा यांची नोंदवही, सांभाळणं ही ऑफिसची जबाबदारी. आता सगळं सेवार्थ या संगणक प्रणालीत आहे. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, मधल्या वर्षांच्या नोंदी कोणी बघत नाही. आणि चूक निघालीच तर ती ऑफिसची, आपल्याकडून वसुली होत नाही.

मी आस्थापना शाखेत बरीच वर्षं सेवापुस्तकं लिहिली आणि पेन्शन केसेस तपासणीसाठी महालेखापालांकडे पाठवल्या. या मेसेजवर भरवसा ठेवून कुणी आपलं पुस्तक न उघडता निवृत्त होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

‘मधल्या नोंदी कोणी बघत नाही’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी पूर्वीसारखी ३३ वर्षांची अट राहिलेली नाही, एवढंच त्यात खरं आहे. पण पेन्शन मोजण्याआधी अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, मोजली जाते, आणि उपदान, म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी, तर सरळ तिच्यावरच ठरतं : पूर्ण केलेल्या दर सहा महिन्यांना वेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त साडेसोळा पट. उपदानासाठी धरलं जाणारं वेतन ६०,००० रुपये समजा. ३० वर्षं सेवेचे ६० सहामाही होतात, म्हणजे १५ पट, ९ लाख रुपये. त्यातले १४ महिने पगाराच्या देयकांवरून पडताळले गेले नाहीत म्हणून गळाले, तर २८ वर्षं १० महिने उरतात. शेवटचे चार महिने तीनपेक्षा जास्त असल्याने अर्धं वर्ष धरले जातात, तरीही ५८ सहामाहीच भरतात. ३०,००० रुपये गेले.

१४ महिने हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. एका वाहनचालकाचं पुस्तक माझ्या टेबलावर आलं होतं. ‘वेतन देयकावरून सेवा पडताळली’ ही ओळ दरवर्षी मार्चअखेरची, खाली कार्यालयप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. मग बदली. नव्या ऑफिसची पहिली पडताळणी सुरू होते ती १४ महिन्यांनंतरच्या तारखेपासून. मधलं अर्धं पान कोरं. हा माणूस त्या काळात रोज गाडी चालवत होता, पगारही घेत होता. पण जुन्या ऑफिसची जागा बदललेली आणि त्या वर्षांची देयकं पावसात भिजून गेलेली. शेवटी त्यांच्या पत्नीने ट्रंकेतून भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक स्लिपा शोधून काढल्या. महिन्यामहिन्याची वर्गणी त्यात दिसत होती, म्हणजे पगार निघत होता. त्या आधारावर ऑफिसने पत्रव्यवहार केला, पडताळणी झाली, पण तोवर माणूस निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. एवढा काळ ते तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर होते आणि उपदान अडकलेलं होतं.

रजांचंही तसंच. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सेवेत धरली जाते. प्रमाणपत्राविना घेतलेली सहसा धरली जात नाही. पुस्तकात नुसतं ‘असाधारण रजा’ लिहिलं असेल आणि प्रमाणपत्राचा उल्लेख राहिला असेल, तर वीस वर्षांनी ते सिद्ध कोण करणार? निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा आदेश, गैरहजेरी नियमित केल्याचा आदेश, आधीच्या विभागातली सेवा जोडल्याचा आदेश, प्रत्येकाची नोंद क्रमांक-दिनांकासह हवी. नियमित न झालेला सेवाखंड (नोकरीतला तुटलेला काळ) तर त्याआधीची सेवाही धोक्यात आणू शकतो.

‘सगळं सेवार्थमध्ये आहे’

सेवार्थ ही मुळात वेतन देयकांची प्रणाली. ती येण्याआधीची सेवा पुस्तकातच आहे. शिवाय संगणकात जे आहे तेही कुणीतरी त्याच पुस्तकावरून भरलेलं, म्हणजे मूळ नोंद चुकली तर तीच चूक टाइप झाली. वेतननिश्चिती (बढती किंवा वेतन आयोगानंतर ठरवलेलं वेतन) तपासायला पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं आणि पेन्शन केससोबत मुंबईच्या किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात मूळ पुस्तकच जातं. तिथे साक्षांकन न केलेली, म्हणजे अधिकाऱ्याची सही नसलेली, खाडाखोड दिसली की केस आक्षेपासह परत.

‘वसुली होत नाही’

हे अर्धवट सांगितलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून जादा दिलेल्या वेतनाची वसुली करू नये असं म्हटलं. मेसेज तिथेच थांबतो. जुलै २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने, वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरवली. तुम्ही असं हमीपत्र दिलं आहे का, ते आधी पाहा. आणि वसुली टळली तरी चुकीची वेतननिश्चिती दुरुस्त होतेच. मग पेन्शन कमी झालेल्या वेतनावर बसते.

‘जबाबदारी ऑफिसची’

लिहिण्याची जबाबदारी ऑफिसचीच, यात वाद नाही. पण पुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते, ती कशासाठी? बहुतेक जण शिपाई पुस्तक घेऊन आला की बोट ठेवलेल्या जागी सही करतात. त्या सहीचा अर्थ, नोंदी मी पाहिल्या, असा होतो. काही चुकांना मुदतही असते : जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी नोकरीत लागल्यापासून ५ वर्षांत अर्ज करावा लागतो. नामनिर्देशनात अविवाहित असताना दिलेलं आईवडिलांचं नाव लग्नानंतर बदललं का, तेही याच वेळी बघा.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांनी आपल्या प्रान (त्या योजनेतला कायमचा खाते क्रमांक) खात्याचा उतारा महिन्यामहिन्याने जुळवावा. बदलीच्या काळातली वर्गणी जमा झाली का, तिथे आधी बघा.

दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे आपल्याजवळ ठेवायची प्रत, मागण्याची सोय आहे, लेखी अर्ज करून ते घ्या आणि मूळ पुस्तकात नोंद झाली की आपल्याही प्रतीत करून घ्या. आणि बदलीचा आदेश आला, तर कार्यमुक्त होण्याआधी त्या तारखेपर्यंतच्या पडताळणीची ओळ लिहून, सही-शिक्का घेऊनच निघा. त्या दिवशी देयकं शेजारच्या कपाटात असतात आणि सही करणारे साहेब समोर बसलेले असतात.