दोन तासांत विश्व निकालात काढण्याची पद्धत

'नो मॅन्स स्काय' हा अंतराळात ग्रहाग्रहांवर भटकायचा गेम विकत घेतलात. पैसे गेले, डाउनलोड झालं, आता मत द्यायची घाई झाली असेल. ती असणारच. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला गेम, इतकी वर्षं लोक तुमच्या मताशिवाय कसेबसे दिवस काढताहेत. फक्त घड्याळाकडे लक्ष असू द्या. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल, तरच रिफंड हमखास मिळतो. गेममधल्या ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे साधारण १८४ परार्ध. तुमच्याकडे मिनिटं १२०. प्रमाण अगदी व्यवस्थित जमतंय.

पहिल्यांदा गेम उघडला की शेडर, म्हणजे चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, लोड होत बसतात. स्टीमच्या लेखी गेम उघडा म्हणजे खेळ चालू, त्यामुळे हे नमनाचं घडाभर तेलही तुमच्याच १२० मिनिटांतून जातं. बसल्या बसल्या परीक्षणाचं शीर्षक ठरवून टाका. 'विशाल, पण रिकामं' हे आजवर कधीच फसलेलं नाही.

मग खेळाचा प्रकार विचारतील. नवख्यांसाठी 'रिलॅक्स्ड' आहे, 'नॉर्मल' आहे. तुम्ही 'सर्व्हायव्हल' घ्या. लहानपणापासून गेम खेळणाऱ्या माणसाने आणखी खाली उतरणं शोभत नाही.

डोळे उघडाल तेव्हा हवा बहुधा विषारी असेल, नाहीतर किरणोत्सर्ग असेल, नाहीतर हाडं गोठवणारी थंडी. सूटचं कवच भराभर उतरायला लागेल. अनुभवी लोक अशा वेळी स्कॅनर दुरुस्त करतात आणि पिवळं फूल असलेल्या रोपाकडे पळतात, कारण त्यात सोडियम असतं आणि कवच सोडियमवर भरतं. लाल फुलाच्या रोपातून ऑक्सिजन मिळतो, तो श्वासासाठी. वादळ उठलंच तर गुहेत शिरायचं, तिथे कवच आपोआप भरून येतं. तुम्ही मात्र आधी स्क्रीनशॉट काढा. मेलात की लिहा, 'तोल साफ बिघडलेला आहे.'

समोर दिसेल ते लेसरने वितळवत सुटा. झाडांतून कार्बन येतो, दगडांतून फेराइट डस्ट, निळ्या स्फटिकांतून डाय-हायड्रोजन. कशाचं काय होतं हे वाचायच्या भानगडीत पडू नका, पोतडी भरली की झालं. सुरुवातीला कप्पे मोजकेच असतात. ते कार्बनने भरा आणि मग सोडियमला जागा नाही म्हणून गेमला शिव्या घाला. लेसर तापून बंद पडेल, तरी बटण सोडायचं नाही. डोक्यावर सेंटिनल नावाचा ड्रोन घिरट्या घालताना दिसला, तर त्याच्या डोळ्यांदेखत खाणकाम चालू ठेवा. तो आधी निरखतो, मग गोळ्या घालतो. आधीचं निरखणं परीक्षणात लिहायचं नाही.

आता यान. दोन गोष्टी मोडलेल्या असतात. उड्डाणाच्या थ्रस्टरला ५० प्युअर फेराइट आणि एक डाय-हायड्रोजन जेली लागते. पल्स इंजिनाला एक मेटल प्लेटिंग आणि एक हर्मेटिक सील. प्युअर फेराइट सहसा आयतं मिळत नाही. त्यासाठी पोर्टेबल रिफायनर, म्हणजे कच्चा माल शुद्ध करणारं छोटं यंत्र, मांडायचा, त्यात कार्बनचं इंधन घालायचं आणि फेराइट डस्ट ओतायची. गाडी अडते ती इथेच. जेमतेम जमवलेली डस्ट मेटल प्लेटिंगमध्ये उडवून टाकलेली असते, कारण एका प्लेटिंगला ५० डस्ट जाते आणि रिफायनर बनवायलाही प्लेटिंग लागते. तेव्हा डस्ट नेमकी मोजून गोळा करा, जास्तीची एक चिमूटही नको. काम उरकलं की रिफायनर तिथेच विसरून निघा. तो उचलून पुन्हा पोतडीत टाकता येतो, पण ते कंजूष लोकांचं काम. हर्मेटिक सीलसाठी बरंच अंतर चालत जावं लागतं. तुम्ही निघा, पण सोडियम न घेता.

खरं सांगायचं तर गेमही काही कमी नाही. कानाशी कटकट करणारा सूटचा आवाज आणि प्रत्येक क्षुल्लक गोष्टीसाठी बटण दाबून धरायची सक्ती, यापेक्षा वाईट शिकवणी शोधून सापडणार नाही. तुमच्या परीक्षणात एवढी एकच रास्त तक्रार आली असती, म्हणून तेवढी गाळा.

यान दुरुस्त झालंच, तर तिथल्या तिथे उडत-उतरत बसा. उघड्या जमिनीवरून प्रत्येक उड्डाणाला टाकीतलं बरंच इंधन जातं, म्हणजे मोजक्या उड्या आणि खेळ खलास. मग ४० डाय-हायड्रोजन आणि एका प्लेटिंगसाठी पुन्हा पायपीट. स्थानकावर किंवा लँडिंग पॅडवर उतरलं तर तिथून उडायला इंधन लागत नाही, हे कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. नाक वर करून सरळ वर गेलात, तर मध्ये लोडिंगचा पडदा न येता आकाश काळं होतं, ग्रह खाली गोल होत जातो आणि कडेला दुसरा ग्रह दिसतो, ज्याच्यावर खरोखर उतरता येतं. हा प्रसंग टाळा. यानंतर बऱ्याच लोकांच्या हातून रिफंडची वेळ निघून जाते.

२०१६ चा उल्लेख मात्र हवाच. दोन खेळाडू पहिल्याच दिवशी एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसले नाहीत, हे सविस्तर लिहा. त्यानंतर 'फाउंडेशन' हे अपडेट आलं, २०१८ मध्ये 'नेक्स्ट'ने सोबत खेळायची सोय केली, २०१९ मध्ये 'बियाँड' आलं आणि सगळं फुकट दिलं, हे लिहिलंत तर लेखाची धार जाते.

शेवटी रिफंडच्या अर्जात 'मजा आली नाही' हे कारण निवडा आणि परीक्षण टाका. पाच मिनिटं खेळलेल्यालाही स्टीम ते लिहू देतं. परीक्षणाबरोबर तुम्ही किती तास खेळलात आणि पैसे परत घेतलेत हे छापून येतं, ते झाकायची सोय नाही. म्हणून मजकूर ऐसपैस लिहा, परिच्छेद भरपूर पाडा, आणि '१.८ तास'वर नजर जायच्या आत वाचक तुमच्या बाजूने झालेला असेल एवढं बघा.