४० कमेंट पाडा, गुणवत्ता आपोआप सुधारेल म्हणे

'प्रत्येकाने महिन्याला किमान ४० रिव्ह्यू कमेंट' हे टार्गेट ज्याने काढलं, त्याला एकदा आमच्या नागपूरच्या, मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात आणून बसवा आणि त्या कमेंट वाचायला लावा. सगळ्या. मोठ्याने. मे महिन्यात, एसी बंद करून. याहून कमी शिक्षा मला मान्य नाही.

काय असतं त्या कमेंटमध्ये? 'इथे एक स्पेस जास्त झाली.' 'व्हेरिएबलचं नाव आणखी चांगलं देता येईल का?' 'छान.' हो, 'छान' हीसुद्धा मोजली जाते. नुसता अंगठा टाकला तर सिस्टीम मोजत नाही, पण अंगठ्यापुढे एक टिंब दिलं की मोजते, हा शोध आमच्याच टीममधल्या एका पोट्ट्याने लावला. एवढं डोकं त्याने समोरचा कोड वाचण्यात काहून लावावं? वाचण्याचे मार्क नाहीत ना. टिंबाचे आहेत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: आम्ही सॉफ्टवेअर लिहितो आणि एकमेकांचा कोड तपासतो. एकाने लिहायचं, दुसऱ्याने डोळ्यांत तेल घालून वाचायचं, खटकलं ते कमेंट टाकून सांगायचं, दुरुस्त झालं की मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील. सात जणांची टीम, क्लायंट मालवाहतुकीतला. बरं चाललं होतं. म्हणजे भांडणं व्हायची, पण कोडवरून व्हायची. मग एप्रिलमध्ये पुण्याच्या हेड ऑफिसातून फर्मान आलं की यंदा टीमची उद्दिष्टं 'मोजता येण्याजोगी' पाहिजेत. माणशी महिन्याला ४० कमेंट. प्रत्येक रिव्ह्यू चार तासांत निकाली. आणि प्रॉडक्शनमधले, म्हणजे क्लायंट वापरतो त्या सॉफ्टवेअरमधले, बग ३० टक्क्यांनी कमी.

कशाच्या ३० टक्के? मी कॉलवर सरळ विचारलं, सर, मागच्या वर्षी बग किती होते? शांतता. मागच्या वर्षी कोणी मोजलेच नव्हते. काही मेलमध्ये, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही नुसतेच फोनवर मिटवलेले. तर उत्तर काय, 'तो बेसलाइनचा आकडा आपण नंतर भरून घेऊ.' आधी घट ठरवली आणि मग घटवायचं कशातून ते शोधायला निघाले! आणि हे बोलणारा माणूस इंजिनियर आहे. इंजिनियर!

आता त्या शुक्रवारचं ऐका. संध्याकाळी साडेसहाला एक पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझा बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्या' अशी विनंती) आली, अकराशे ओळींची. कोणत्या दिवशी किती माल उतरला, त्याचा रोजचा अहवाल. चार तासांचं घड्याळ सुरू, म्हणजे मुदत रात्री साडेदहाची. ज्याच्या वाट्याला रिव्ह्यू आला त्याला कामठीला घरी जायचं होतं. त्याने सहा मिनिटांत मंजुरी दिली, आणि तीही नऊ कमेंट टाकून. मी नंतर त्या नऊच्या नऊ वाचल्या. चार रिकाम्या ओळींबद्दल. दोन स्पेलिंगच्या. एक 'फंक्शन जरा मोठं वाटतं'. एक 'पुढच्या वेळी टेस्ट वाढवू'. आणि एक, अर्थातच, 'छान'.

आणि ज्या ओळीत सर्व्हरवरची यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, घेऊन तिच्यातून थेट तारीख काढली होती, त्या ओळीवर एक अक्षर नाही. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात उतरलेला प्रत्येक नग अहवालात आदल्या दिवशी जाऊन बसला. आणि ट्रक उतरतात कधी? रात्रीच की! दिवसा शहरात त्यांना शिरू कोण देतं? त्यातून महिन्याची पहिली तारीख नेमकी रविवारी आलेली. सोमवारी सकाळी क्लायंटच्या अकाउंटवाल्यांचा फोन. 'मॅडम, एक तारखेचा माल मागच्या महिन्यात दाखवून राहिलं तुमचं सॉफ्टवेअर. आता जीएसटी कोणत्या महिन्यात दाखवू मी?' त्यांचा आवाज चढलेला होता आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुण्याचा आकड्यांचा डॅशबोर्ड काय म्हणत होता? वेळेत रिव्ह्यू: हिरवा. कमेंट: हिरवा. महिनाअखेरीस त्याच रिव्ह्यूवाल्याला 'क्वालिटी चॅम्पियन'चं सर्टिफिकेट आलं, फुग्यांच्या चित्रासकट. बिचाऱ्याला ते उघडायचीही लाज वाटत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर आपल्याकडे महागाईचे, भ्रष्टाचाराचे, कशाकशाचे बडगे, म्हणजे पुतळे, मिरवणुकीत निघतात. यंदा कोणी त्या डॅशबोर्डचा बडग्या करत असेल तर बांबू आणि कागदाचा खर्च माझ्याकडून. जागनाथ बुधवारीपर्यंत नाचत येईन.

त्या पोराला मी एक शब्द बोलले नाही. अकराशे ओळी सहा मिनिटांत कोणाच्याच बापाला वाचता येत नाहीत. सिस्को कंपनीमधल्या कोड रिव्ह्यूंचा एक अभ्यास २००६ मध्ये आला होता. दहा महिने, अडीच हजार रिव्ह्यू, ३२ लाख ओळी. त्यातून निघालेला सल्ला आमच्या धंद्यात पोरासोरांनाही पाठ असतो: एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या वर जाऊ नका, तासाला ५०० ओळींपेक्षा जोरात वाचू नका, आणि तास-दीड तासाच्या वर सलग बसू नका. या हिशेबाने त्या अकराशे ओळींना दोन तासांच्या वर लागतात, तेही तुकडे पाडून. मग टार्गेट पुल रिक्वेस्टच्या आकारावर का नाही लावलं? 'दहातले आठ बदल ४०० ओळींच्या आत' असं ठरवा. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटमधून फुकटात निघणारा आकडा आहे. आणि यात गंमत अशी की कोणी हे टार्गेट फसवायला गेला, तरी फसवण्यासाठी त्याला बदल लहानच करावे लागतील. म्हणजे लबाडी करूनही काम सुधारतं! कमेंट मोजणं म्हणजे सावजीच्या रश्श्याची चव वर किती बोटं तेल तरंगतं त्यावरून ठरवणं. लोक तेल ओततील, दुसरं काय करतील?

मध्ये एक ट्रेनिंगही झालं. वर्धा रोडवरच्या हॉटेलात अर्धा दिवस. तर्री पोहे बरे होते, बाकी सगळं स्मार्ट गोल्स: उद्दिष्ट नेमकं, मोजता येणारं, कोणावर तरी सोपवलेलं, झेपणारं आणि मुदतीचं हवं. उद्दिष्ट मोजता आलंच पाहिजे, नाही तर ते उद्दिष्टच नव्हे, असं ट्रेनरसाहेब टेबलावर हात आपटून सांगत होते. अहो, हे स्मार्ट ज्याने १९८१ मध्ये मांडलं, त्या जॉर्ज डोरनने त्याच लेखात लिहून ठेवलंय की प्रत्येक उद्दिष्टात पाचही गोष्टी असतीलच असं नाही. तेवढं पान कोणी उलटत नाही. मी हे विचारलं असतं, पण एचआरवाल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या आणि जेवायची वेळ झाली होती.

खरा संताप पुढे आहे. हे आकडे अप्रेझलला जोडले. २० टक्के वजन. कमेंट टाकणाऱ्याला मार्क, आणि ज्याच्या कोडमध्ये 'डिफेक्ट' म्हणून शिक्का मारलेली कमेंट निघाली त्याचे मार्क कापायचे. आता सांगा, काय होणार? तेच झालं. परवा एका मुलीच्या कोडमध्ये खरोखरच मोठी चूक होती, एकाच डिलिव्हरीचं बिल दोनदा निघालं असतं. ज्याला ती दिसली त्याने रिव्ह्यूत चकार शब्द लिहिला नाही. तिला व्हॉट्सअ‍ॅप केलं, 'ती रीट्रायची ओळ बघून घे, तिथे कमेंट टाकत नाही, तुझ्या नावावर डिफेक्ट चढेल.' तिने गुपचूप दुरुस्त केली. माणुसकी म्हणून झकास. पण नोंद कुठे आहे? नाही. म्हणजे रिव्ह्यूने पकडलेली सगळ्यात मोलाची चूक रेकॉर्डवर नाही आणि रिकाम्या ओळी मात्र चाळीस-चाळीस. यावर पुण्यात बसून ग्राफ काढणार, रंगीत. वर महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत 'तू माझ्यावर पाच टाक, मी तुझ्यावर पाच टाकतो' असा आहेराचा व्यवहार सुरू होतो तो वेगळाच.

कोड तपासायची शिस्तबद्ध पद्धत आयबीएममधल्या मायकेल फेगनने १९७६ मध्ये छापली. त्यात मोजमाप भरपूर आहे. माणूस आकड्यांचाच होता. पण त्याने तेव्हाच बजावलं की तपासणीत निघालेल्या चुका कोणाच्याही कामाच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत. का, ते सांगायला शहाणपण लागत नाही. चूक दाखवली की पगार कापला जातो म्हटल्यावर चुका दिसेनाशा होतात, कमी होत नाहीत. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. आमचे साहेब हिला 'फ्रेश थिंकिंग' म्हणून गुंडाळून टाकतात आणि आपलं फर्मान काढतात.

आणि ते मासिक बाण! मागच्या महिन्यात प्रॉडक्शनला तीन बग सापडले, या महिन्यात पाच. झालं, मेलमध्ये लाल बाण: 'गुणवत्तेत ६७ टक्के घसरण'. तीनाचे पाच! त्या महिन्यात आम्ही दोन नवीन मॉड्यूल सोडली होती, आधीच्या महिन्यात एकही नाही. सात माणसांच्या टीममध्ये तीन, पाच, दोन, चार असं चालतंच. आकडा आपोआप हलतो तो कधी आणि खरंच काही बिघडलंय म्हणून हलतो तो कधी, हे ओळखायचा तक्ता वॉल्टर शूहार्टने अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत १९२४ साली काढून दिलाय. शंभर वर्षं झाली. पण आम्हाला काय, लाल बाण आला की 'मूळ कारण' नावाचा फॉर्म भरा. त्यातल्या यादीत कारणं चारच आहेत आणि सगळे जण पहिलं निवडतात: मानवी चूक. 'शुक्रवारी साडेसहाला अकराशे ओळी आल्या आणि वर तुमचं चार तासांचं घड्याळ टिकटिकत होतं' असा पर्याय त्या यादीत नाही.

'पण रिव्ह्यू तर झाला होता ना?' हा साहेबांचा लाडका प्रश्न. झाला होता की. हार्टब्लीडचाही झाला होता. वेबसाइटची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ती चूक रिव्ह्यू होऊनच २०११ च्या ३१ डिसेंबरला कोडमध्ये गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये जगाला कळली. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढंच तपासायचं राहिलं होतं, आणि त्यातून सर्व्हरची मेमरी बाहेर वाचता येत होती. रिव्ह्यू झाल्याची खूण आणि रिव्ह्यू, यांत एवढं अंतर असतं. साहेब खूण मोजतात.

मोजमापाचं मला वावडं नाही, उलट मोजा म्हणून मीच मागे लागले होते. पण पहिली तिमाही फक्त मोजा, टार्गेट लावू नका. प्रत्येक चूक कुठे पकडली ते लिहा: रिव्ह्यूत, टेस्टिंगमध्ये, की क्लायंटच्या फोनवर. क्लायंटपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सहा महिन्यांत खाली आणायचं म्हणा, मी सही करते. तेही टीमचं म्हणून, माणसागणिक नाही. चार तासांत 'निकाली' काढायची सक्ती नको. एका कामाच्या दिवसात पहिलं उत्तर मिळालं पाहिजे, मग ते 'मोठं आहे, उद्या सकाळी बसतो' असं का असेना. आणि एकदा झालेली चूक पुन्हा झाली का, हे बघा. तारखेचा घोळ दुसऱ्यांदा झाला तर खुशाल लाल बाण काढा, हवा तेवढा मोठा. शिवाय रिव्ह्यूतून नवीन पोरं शिकतात, एकाच्या डोक्यातला कोड दुसऱ्याला कळतो. त्याला धड आकडा नाही. नसू दे.

हे सगळं मी सविस्तर मेलमध्ये लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'ग्रेट इनपुट्स! ऑफलाइन बोलू.' ते ऑफलाइन बोलणं अजून व्हायचंय. तिमाही संपल्यावर मात्र नवीन परिपत्रक आलं: कमेंटचं टार्गेट सर्वांनी उत्तम रीतीने गाठल्यामुळे ते ५० करण्यात येत आहे.

गाठणारच ना! टिंब द्यायला किती वेळ लागतो?

आता आम्ही सातही जणांनी आपली वेगळी शीट सुरू केली आहे. चूक काय, कुठे पकडली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, बस. नावाचा रकाना नाही. बिलाची ती दोनदा निघणारी चूक तिच्यात पहिल्या ओळीवर आहे. शीट पुण्याला दाखवायची नाही असं ठरलंय. दाखवली की महिन्याला किती ओळी भरल्या त्याचं टार्गेट लावतील.