‘ट्रायने गरिबांचं मोफत इंटरनेट बंद केलं’: हे अर्धसत्य

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: २०१६ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ बंद पाडून गरिबांचं मोफत इंटरनेट हिसकावलं.

फ्री बेसिक्स बंद झालं, हे खरं. पण ते इंटरनेट नव्हतंच. फेसबुकच्या अटींत बसणाऱ्या मोजक्या साइट्स फुकट, बाकी सगळ्याला पैसे. व्हिडिओला तर तिथे जागाच नव्हती. म्हणजे द्राक्षावरची फवारणी व्हिडिओत बघायची तर रिचार्ज आलाच. आणि उद्या लातूरच्या एखाद्या पोराने सोयाबीनच्या भावाची साइट काढली, तर शेजारच्या फुकट साइटपुढे त्याची पैसे मोजून कोण उघडणार?

८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने मनाई केली ती एवढ्याचीच: कुठली साइट बघता यावरून दर बदलायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख दंड. आपत्कालीन सेवांना सूट आहे. मोफत डेटावर बंदी कुठेच नाही. उलट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायनेच ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी मोफत द्यावा, अशी शिफारस केली. मेसेज लिहिणाऱ्याने हे सोयीस्कर गाळलंय.