‘ओ होली नाइट’वर म्हणे चर्चने बंदी घातली होती!

डिसेंबर उजाडला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो थेट माझ्या भाचीच्या निवेदनात शिरला. त्यांच्या गायनवृंदाच्या नाताळच्या कार्यक्रमात ती वाचणार होती: ‘ओ होली नाइट’ची मूळ फ्रेंच कविता लिहिणारा वाइनचा व्यापारी पुढे समाजवादी झाला, संगीतकार अदोल्फ आदां ज्यू निघाला, म्हणून फ्रान्सच्या चर्चने गाण्यावर बंदी घातली. मग १८७१च्या नाताळात या गाण्याने युद्ध थांबवलं आणि १९०६ मध्ये रेडिओवर वाजलेलं जगातलं पहिलं गाणंही हेच. “मावशी, अंगावर काटा येतो गं!” मला आला तो वेगळ्या कारणाने.

आधी ‘ज्यू निघाला’ हे. आदां ज्यू नव्हता. वडील लुई आदां आल्सासकडचे पियानोवादक, पॅरिसच्या संगीत विद्यालयातले प्राध्यापक. मुलाने कॅथलिक उपासनेत गायचे ‘मास’ रचले आणि १८५६ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीही कॅथलिक पद्धतीनेच झाले. आडनाव बायबलमधल्या अ‍ॅडमचं, एवढाच काय तो पुरावा! अलेव्ही, मायरबेअर हे खरोखरचे ज्यू संगीतकार तेव्हा पॅरिसच्या ऑपेऱ्यात उघडपणे गाजत होते. आदांनेच लपवाछपवी कशाला केली असती? आणि ‘ज्यू म्हणून बंदी’ ही कपोलकल्पित गोष्ट आपण नाताळच्या व्यासपीठावरून गोड आवाजात वाचायची? त्याला माझा साफ विरोध आहे.

आता बंदी. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. कवी प्लासिद कापो पाद्र्यांचा टीकाकार होता, जरी कविता त्याने रोकमोर गावच्या पाद्रीबाबांच्याच सांगण्यावरून लिहिली होती. गाणं काही धर्मगुरूंना आणि चर्चसंगीताच्या जाणकारांना खटकलं हेही खरं. पण खटकला तो मुख्यतः बाज. आदां म्हणजे ‘जिझेल’ बॅलेचा संगीतकार. त्याचं गाणं एकट्या गायकाला वर वर चढवत नेतं आणि टाळीची जागा तयार ठेवतं. रोकमोरमध्ये १८४७ साली ते पहिल्यांदा गायलं तेही एमिली लोरे या ऑपेरा गायिकेने.

पॅरिसच्या बड्या चर्चना मात्र असल्या थाटाचं वावडं नव्हतं. १८५८च्या नाताळात मादलेन चर्चमध्ये तिथल्याच ऑर्गनवादकाची, २३ वर्षांच्या कामी सां-सांसची, नवी रचना झाली: पाच एकल गायक, वृंद, ऑर्गन, तंतुवाद्यं आणि चक्क हार्प. शब्द लॅटिन, ही मेख लक्षात ठेवा.

कारण पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ला चर्चसंगीतावर जो आदेश काढला, तो काढून वाचा. नाटकी शैली नको, एकल गायनाचं वर्चस्व नको, पियानो नको, वृंदात स्त्रिया नकोत, मुख्य उपासनेत लोकभाषेतलं गाणं नको. ‘ओ होली नाइट’ बहुतेक सगळ्या कलमांत अडकतं! पण त्याच कलमांत शेकडो इतर रचनाही अडकतात. आदेशात आदांचं नाव नाही, कापोचा समाजवाद नाही, कुणाचं ज्यू असणं तर नाहीच. स्त्रियांना बाहेर ठेवणारं कलम मला संतापजनक वाटतं, पण मेसेजवाल्यांना त्याचा पत्ताच नाही.

युद्धाचं तर विचारूच नका. फ्रान्स-प्रशिया युद्धाची शस्त्रसंधी जानेवारी १८७१ची, तह मे महिन्यातला. त्या डिसेंबरात थांबवायला युद्ध उरलं होतं कुठे?

रेडिओची कथा रेडिओ-संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेनने १९३२ मध्ये लिहिलेल्या पत्रावर उभी आहे. त्याच पत्रात तो म्हणतो की आधी हँडल या संगीतकाराच्या रचनेची तबकडी लावली, मग आपण व्हायोलिनवर हे गाणं वाजवलं. म्हणजे पहिलं नाहीच. वर गाणं गुनो या दुसऱ्याच संगीतकाराचं असल्याचं लिहून मोकळा!

एवढा मसाला भरताना तिसरं कडवं मात्र गाळलंय. काल जो गुलाम होता तो भाऊ ठरतो, असं त्यात कापो म्हणतो. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली १८४८ला, गाणं पहिल्यांदा गायल्यानंतर. जॉन सुलिव्हन ड्वाइटने १८५५ मध्ये ते इंग्रजीत आणलं तेव्हा अमेरिकेत गुलामांचा बाजार चालूच होता. निवेदनात वाचायचंच तर हे वाच, असं तिला सांगितलंय.