सुशेगाद व्याख्यांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

संभाव्यता सिद्धान्ताच्या विद्यापीठीय पेपराची तयारी कशी करावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने आणि दुसऱ्यांदा जमेल तितक्या शांतपणे. तीत मुद्दे बरेच आहेत, परंतु सगळा रोख एकाच वाक्यात एकवटला आहे, म्हणून ते जसेच्या तसे उतरवतो : ‘व्याख्या घोकत बसण्याची चैन तुमच्या सुशेगाद गोव्यात परवडत असेल, तीन तासांच्या पेपरात शंभर गणिते सोडवलेलाच तरतो.’

आधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेची गृहीतके मांडली ते पुस्तक १९३३ चे आहे, १९३१ चे नव्हे. १९३१ साली त्यांचा यदृच्छ प्रक्रियांवरील (काळाबरोबर योगायोगाने बदलत जाणाऱ्या घडामोडींवरील) गाजलेला शोधनिबंध आला होता आणि माझ्या टिपणांत ती दोन वर्षे शेजारी-शेजारी असल्याने घोटाळा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. आपण लक्ष वेधले याबद्दल आभार. ते एका ओळीतही वेधता आले असते.

आता ‘घोकणे’. हा शब्द माझ्या लेखात एकदाही आलेला नाही. मी लिहिले होते ते असे की, व्याख्या वाचावी, वही मिटावी, ती आपल्या शब्दांत लिहावी आणि मग तीत बसणारे एक व तीत न बसणारे एक अशी दोन उदाहरणे स्वतः रचावीत. व्याख्येत न बसणारे उदाहरण घोकंपट्टीने कसे रचता येते, हे आपण कधी तरी समजावून सांगावे. राहता राहिला ‘सुशेगाद’. आम्ही हा शब्द आपसांत समाधानी माणसासाठी आपुलकीने वापरतो. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ आळस असा करून ठेवला आणि आपण तोच उचललात. माझे शालेय शिक्षण डिचोली तालुक्यात मराठी माध्यमातून झाले आणि पुढे महाविद्यालयासाठी पहाटेच्या पहिल्या बसने पणजी गाठावी लागे. बस चुकली की पायलटच्या (म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून आषाढातल्या पावसात भिजत जाणे आणि ओल्या वहीवर पहिला तास काढणे, याला आपण चैन म्हणत असाल तर माझे काही म्हणणे नाही.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, शंभर गणिते सोडवून पेपराला बसण्याचा आपला मार्ग मी चोखाळून पाहिलेला आहे. शंभर नव्हे, दोनशे पानी दोन वह्या भरल्या होत्या. पेपरात प्रश्न आला : दोन निर्दोष नाणी उडवली, पहिल्यावर छापा ही घटना अ, दुसऱ्यावर छापा ही घटना ब आणि दोन्हींवर सारखेच पडणे ही घटना क. या घटना कोणत्याही दोन-दोन घेतल्या तरी परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे दाखवा आणि तिन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता काढा. पहिला भाग मी झटपट लिहिला. प्रत्येकाची संभाव्यता १/२, कोणत्याही दोघांची एकत्र घडण्याची १/४, म्हणजे दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार, आणि स्वातंत्र्याची अट तीच; सगळे जुळते. मग हात जसा सरावला होता तसा चालला. १/२ तीनदा गुणले आणि १/८ लिहून पान उलटले. वास्तविक तिन्ही घटना एकत्र घडतात त्या फक्त दोन्हींवर छापा पडल्यावर, म्हणजे उत्तर १/४. तीन घटना स्वतंत्र आहेत असे म्हणण्यासाठी चार समीकरणे पुरी व्हावी लागतात, दोन-दोनांची तीन आणि तिघांचे एक. चौथे येथे पुरे होत नाही आणि प्रश्न नेमका तेवढ्यासाठीच विचारलेला होता. त्या पेपरात मला शंभरपैकी २९ गुण मिळाले. आमच्या गाइडमधील प्रत्येक गणितात ‘घटना स्वतंत्र आहेत असे माना’ हे वाक्य आयते छापलेले असे, त्यामुळे स्वातंत्र्य तपासायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

हे माझ्यासारख्या नापासाचेच होते असे समजू नका. द’आलाँबेर यांच्यासारख्या गणितज्ञाने १७५४ साली, दोन नाणेफेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ सांगितली. पहिल्याच वेळी छापा पडला की खेळ संपतो, म्हणून शक्यता तीनच, असा त्यांचा हिशेब होता. त्या तीन शक्यता समसंभाव्य नाहीत आणि खरे उत्तर ३/४ आहे. गणिते त्यांनी आपल्याहून आणि माझ्याहून कमी सोडवली नसावीत. मोठ्या नमुन्याची सरासरी घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाकडे झुकते असे सांगणाऱ्या केंद्रीय सीमा प्रमेयाचेही तेच. ‘नमुना मोठा आहे’ एवढे वाचून प्रसामान्य वितरणाचा तक्ता उघडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रचरण (मूल्ये सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) सांत, म्हणजे मर्यादित, असावे लागते ही अट आठवत नाही. ज्याचे प्रचरण सांत नाही अशा कौशी वितरणातून हजार स्वतंत्र निरीक्षणे घेऊन सरासरी काढली, तरी त्या सरासरीचे वितरण एका निरीक्षणाच्या वितरणाहून तसूभरही वेगळे नसते. ही अट शंभर गणितांतून आपोआप उमगते असे आपले म्हणणे असेल, तर ती शंभर गणिते कोणत्या पुस्तकात आहेत ते तरी कळवा.

वेळेचे नियोजन, जुन्या प्रश्नपत्रिका आणि नोकरी सांभाळून शिकणारे विद्यार्थी यांविषयी आपण जे लिहिले आहे, त्यात मला शिरायचे नाही. ते प्रश्न परीक्षेचे आहेत, विषयाचे नव्हेत. (दुसऱ्या खेपेस जुन्या प्रश्नपत्रिका मीही सोडवल्या होत्या. मात्र व्याख्यांनंतर.) माझी उदाहरणे ‘बालबोध’ आहेत हा शेराही मी सोडून देतो.

आपण पुन्हा लिहिणार असाल तर एका प्रश्नाचे उत्तर सोबत पाठवावे, अशी विनंती आहे : एखादी घटना स्वतःपासूनच स्वतंत्र असू शकते का, आणि असल्यास केव्हा? गाइडमध्ये हे गणित मला सापडले नव्हते. स्वातंत्र्याची व्याख्या समोर ठेवली तर उत्तर दोन ओळींचे आहे.