ब्लॉकमध्ये डेक्सा टाकलं की दोन दिवस दुखत नाही? असं नसतं हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. हातापायाचं ऑपरेशन असेल आणि नसेचा ब्लॉक (म्हणजे मज्जातंतूजवळ इंजेक्शन देऊन हात किंवा पाय बधिर करणं) घेणार असाल तर त्यात डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड टाकायला सांगा, मग दोन दिवस दुखणार नाही, गोळ्या लागणार नाहीत, साइड इफेक्ट शून्य, आणि जे डॉक्टर टाकत नाहीत त्यांना माहितीच नसतं म्हणे. मी भूल देते, ब्लॉक देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी दोन दिवसांचं बघू. डेक्सा काम करतं, मी स्वतः वापरते. पण कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या रिव्ह्यूत बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा बधिरपणा साधारण साडेसहा तासांनीच वाढलेला दिसला. ऑपरेशनची पहिली रात्र झोप लागली तर ते काही कमी नाही, पण साडेसहा तास म्हणजे दोन दिवस नव्हेत. मेसेजमध्ये डोस वाढवून घ्या असंही लिहिलंय, तर ४ मिलिग्रॅमच्या पुढे फारसा फायदा होत नाही.

"डॉक्टरांना माहितीच नसतं" हे तर साफ खोटं. औषध मिसळून परिणाम लांबवणं जुनंच आहे, हाइनरिश ब्राउन या जर्मन सर्जननं १९०३ मध्येच, तेव्हा बधिर करायला वापरत त्या कोकेनमध्ये अ‍ॅड्रेनलिन मिसळलं होतं. आणि डेक्सा नसेजवळ न टाकता सलाइनच्या सुईतून शिरेत दिलं तरी बराचसा फायदा मिळतो, त्याच रिव्ह्यूत दोन्हींमधला फरक तीनेक तासांचा आहे, म्हणून कित्येक जण शिरेतूनच देतात. (जाग्या माणसाला पटकन दिलं तर खाली जांघेत जबरदस्त खाज सुटते, म्हणून आम्ही बहुतेकदा झोपवल्यावर देतो.)

साइड इफेक्ट शून्य? स्टेरॉइड आहे ते, डायबेटिस असेल तर शुगर वाढते, आधी सांगा. डेक्समेडेटोमिडीन नावाचं दुसरं औषध मिसळतात, त्याने नाडी मंदावते, बीपी उतरतं. शिवाय खांद्याच्या ब्लॉकने त्या बाजूचं श्वासपटल काही तास लुळं पडू शकतं, फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर तो ब्लॉक आणखी लांबवणं परवडत नाही. बधिर हाताला चटका बसला तर कळत नाही, प्लास्टर घट्ट झालं तरी वेळेवर कळत नाही.

आता गोळ्यांचं, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. ब्लॉक उतरताना काय होतं ते मी पुष्कळदा बघितलंय. संध्याकाळी पेशंट खुशीत असतो, हात झोळीत, बोटं हलत नाहीत, दुखणं नाही, म्हणून गोळी तशीच बाजूला ठेवतो. पहाटे तीनला बोटांना मुंग्या येतात आणि अर्ध्या-एक तासात सगळं दुखणं एकदम अंगावर येतं, मग गोळी घेतली तरी ती लागू पडेपर्यंत माणूस अक्षरशः रडतो. डेक्साने ही वेळ पुढे ढकलली जाते, टळत नाही, उलट दुपारी उतरणारा ब्लॉक नेमका मध्यरात्री उतरू शकतो.

म्हणून काहीही दुखत नसलं तरी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, झोपायच्या आधीचा डोस तर अजिबात चुकवू नका, आणि मुंग्या सुरू झाल्या आणि पुढच्या डोसची वेळ झालेली असेल तर दुखायची वाट बघत बसू नका.