चालण्यातून मोबाइल चार्ज होण्याविषयी खुलासा

इंदुरातील मराठी मंडळींमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे की, बुटात एक खास पट्टी घालून नेहरू पार्कात अर्धा तास फेरफटका मारला तर मोबाइल पूर्ण चार्ज होतो. हा दावा चुकीचा आहे; मात्र त्यामागचे विज्ञान खरे असल्यामुळे ते नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर व जाक क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञ बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. बुटातील अशा स्फटिकांच्या पट्टीतून चालताना सरासरी काही मिलिवॅट एवढीच शक्ती मिळते. उलट, मोबाइलच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे उदारपणे १० मिलिवॅट धरले तरी ती भरण्यासाठी १९०० तास, जवळपास ८० दिवस अहोरात्र चालावे लागेल, आणि यात वाया जाणारी वीज धरलेलीच नाही.

तरीही ही वीज क्षुल्लक नव्हे. तापमान किंवा हालचाल टिपणारा छोटा सेन्सर बहुतेक वेळ निद्रिस्त असतो. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागात, थेंबाथेंबाने साठलेल्या विजेवर तो क्षणभर जागा होतो, मोजणी करतो, आकडा पाठवतो आणि पुन्हा शांत होतो. मनगटाच्या हालचालीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे तर १९८०च्या दशकापासून वापरात आहेत.

म्हणून त्या संदेशावर विसंबून कोणीही आगाऊ पैसे भरू नयेत, आणि अशा विजेच्या भरवशावर ज्येष्ठांनी श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणणे तर मुळीच थांबवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.